न लिहिलेला टॉलरन्स

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत शिकवलेलं नव्हतं. ते कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात शाफ्टची ड्रॉइंगं काढायचे, आणि दुसऱ्याच्या कागदावर चूक सापडली की त्याची शिकवणीच घ्यायचे, म्हणून मास्तर. भांग इतका मधोमध पाडायचे की खालचे टर्नर म्हणत, "हा माणूस डोक्याला सेंटर मारूनच घरातून निघतो." मी त्यांच्या शेजारच्या खोलीत ड्रॉइंगच्या प्रती काढायला होतो. ती नोकरी मला त्यांनीच लावून दिली होती, आणि महिन्यातून एकदा तरी ते याची आठवण करून देत.

खाली मिलिंग मशीनवर त्यांचे दाजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान. सगळा कारखाना त्यांना दाजीच म्हणायचा. मास्तरांचे आईवडील लवकर गेले. ताईंनी त्यांना वाढवलं, आणि लग्न होऊन गेल्या तेव्हा भावालाही बरोबर घेऊन गेल्या. दाजींनी चकार शब्द काढला नाही. उलट ड्रॉइंग शिकायला मास्तरांना त्यांनीच घातलं.

आता थोडं कामाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शाफ्ट म्हणजे यंत्रात फिरणारा पोलादी दांडा. आमच्या शाफ्टला दोन टोकांना दोन खाचा असत. खाचेत चावी नावाची छोटी पोलादी पट्टी बसते आणि ती गिअरला धरून ठेवते. दोन्ही खाचा एका रेषेत नसल्या तर एकीकडचा गिअर दुसरीकडच्याच्या मागेपुढे होतो आणि यंत्र थरथरायला लागतं. म्हणून ड्रॉइंगवर लिहायचं असतं, की ही खाच त्या खाचेच्या रेषेत हवी आणि फरक चालेल तो एवढाच. या चालणाऱ्या फरकाला टॉलरन्स म्हणतात. मास्तर जाडीचे, लांबीचे, गोलाईचे टॉलरन्स डोळ्यात तेल घालून लिहायचे. हा एकच त्यांनी वीस वर्षांत कधी लिहिला नाही, कारण गरजच पडली नव्हती. दाजी शाफ्ट एकदा मशीनवर बांधला की दोन्ही खाचा पाडल्याशिवाय सोडतच नसत. मग त्या एका रेषेत येणारच. घरच्या माणसाला काय लिहून द्यायचं?

पुढे नवे मॅनेजर आले, घोड्यावर बसूनच. चाळीस शाफ्टची ऑर्डर होती. ते म्हणाले, आधी सगळ्यांचं एक टोक उरकून घ्या, मग फिरवून बांधा आणि दुसरं टोक करा, वेळ वाचेल. दाजी ड्रॉइंग घेऊन वर आले. मी तिथेच होतो.

"अरे, या खाचा एकमेकींना धरून लागतात ना? कागदावर तर काहीच नाही. फिरवून बांधायचं तर एकेक शाफ्ट जुळवत बसावं लागेल, आणि साहेब ओरडतील. तू लिहून दे, म्हणजे मला दाखवता येईल."

ऑफिसात आणखी चौघे बसले होते. आपल्या ड्रॉइंगात काही राहिलंय हे लोकांदेखत ऐकणं मास्तरांना कधीच खपलं नाही. त्यांनी मान वर केली नाही.

"दाजी, जेवढं कागदावर आहे तेवढं करा. बाकीचं माझ्यावर सोडा."

दाजींनी सोडलं.

महिन्याभरात चाळीसच्या चाळीस शाफ्ट गिऱ्हाइकाकडून परत आले. एकाही शाफ्टच्या दोन खाचांचा एकमेकींशी मेळ नव्हता. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. चौकशी सोमवारी होती. शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झालं तेव्हा त्यांनी मूळ ड्रॉइंग काढलं आणि आपल्या देखण्या अक्षरात त्यावर एक ओळ घातली, की दोन्ही खाचा एका रेषेत हव्यात आणि फरक अमुक इतक्याच्या आत. शाई वाळेपर्यंत फुंकर मारत राहिले. मग माझ्या खोलीत आले. काम संपलं की खाली दिलेल्या प्रती माझ्याकडे परत येत आणि मी त्या फाडून टाकत असे.

"दाजींकडची प्रत फाडलीस ना?"

ती माझ्या टेबलावरच पडली होती. त्यांनाही दिसत होती.

"हो," मी म्हणालो, आणि त्यांच्यादेखत फाडली. मला दोन पोरं होती, म्हातारी आई होती, नोकरी त्यांनी दिलेली होती. कारणं माझ्याकडे ढीगभर आहेत. लाज मात्र अजून जात नाही.

सोमवारी मॅनेजरनी ते ड्रॉइंग दाजींपुढे ठेवलं. "वाचता येत नाही का?" दाजींनी चष्मा लावला, ओळ वाचली, आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"नजरचूक झाली, साहेब," दाजी म्हणाले.

ते शाफ्ट तपासून पास करणारा तपासनीस ताकिदीवर सुटला. दाजींना, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना, घरी बसवलं. ज्यांना त्यांनी मशीनवर हात धरून शिकवलं होतं तेसुद्धा म्हणायला लागले, म्हाताऱ्याची नजर गेली. मी मूग गिळून गप्प बसलो.

त्यानंतर मास्तर कागदावर सगळंच लिहायला लागले. साध्या वॉशरलासुद्धा इतके टॉलरन्स, की खालचे लोक हात जोडायचे. जेवण जाईना, अंगावरचे कपडे लोंबायला लागले. सहा महिन्यांनी एका रविवारी सकाळीच ते माझ्या दारात आले. "ताईकडे चल माझ्याबरोबर. मला एकट्याला जमायचं नाही."

दाजी बाहेरच्या खोलीत स्टुलावर पंखा उघडून बसले होते. ताई आत चहा टाकत होत्या. मास्तर बसलेसुद्धा नाहीत.

"दाजी, ती ओळ मी नंतर..."

"हळू बोल," दाजी म्हणाले. "वीस वर्षं तुझी ड्रॉइंगं बघतोय. मला कळणार नाही होय?"

"मी उद्या साहेबांना सांगतो. ताईला तर आत्ताच सांगतो."

"साहेबांना सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. पण हिला नाही. नवऱ्याचा हात चुकला, हे तिने कसंबसं पचवलंय. तू असं केलंस हे तिला पचायचं नाही. तुझं ओझं उतरवायला ते तिच्या डोक्यावर ठेवू नकोस."

ताई चहा घेऊन बाहेर आल्या. कप ठेवले, आणि मास्तरांच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "किती वाळलास रे! बरं झालं आलास, मीच येणार होते. यांच्या चुकीमुळे तुला तिथे खाली मान घालावी लागली. तोंड दाखवायची लाज वाटत होती मला. पण यांच्यावर राग धरू नकोस. वय झालंय त्यांचं."

दाजी खाली बघून पंख्याचा स्क्रू पिळत राहिले.

"नाही धरणार, ताई," मास्तर म्हणाले.