कांबळ्याचं जाकीट

अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे लातूरला राहायला आले ते कपड्यांची एक पिशवी आणि अंगावर कांबळं घेऊन. दिवाळी होऊन गेली होती, पण दुपारचं ऊन अजून तापत होतं. एसटीतून उतरताना त्यांना घाम आलेला. मी म्हणाले, "अण्णा, ते काढा, माझ्याकडं द्या." त्यांनी ते आणखी घट्ट धरलं.

आई गेल्यापासून दोन वर्षं ते देवणीजवळच्या आमच्या गावात एकटेच राहत होते. शेत बटईनं दिलेलं. स्वतःपुरती भाजी-भाकरी करून खायचे. मग फोनवर एकच गोष्ट तीन-तीनदा सांगू लागले. एक दिवस उदगीरच्या रस्त्यानं पायी निघालेले गावातल्या एकाला दिसले. कुठं निघालात म्हणून विचारलं तर म्हणाले, "बैलं आणायला." आमच्या गोठ्यात बैल नसून दहा-बारा वर्षं झाली होती.

भाऊ नांदेडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, दोघं नवरा-बायको नोकरीला. मीही शाळेत शिकवते, पण आमचं घर तळमजल्याचं, पुढं अंगण, आणि माझे मिस्टर नुकतेच रिटायर झालेले. म्हणून अण्णा आमच्याकडं आले.

ते कांबळं मी दहावीला असताना घेतलेलं. थंडीच्या दिवसांत उदगीरला लोकरीचे कपडे विकणारे यायचे, त्यांच्याकडून. करड्या रंगाचं, जाड, काठाला तांबडा पट्टा. पहाटे अभ्यासाला उठले की आई ते माझ्या पाठीवर टाकायची आणि उजाडायच्या आत काढून घ्यायची, कारण अण्णांना ते शेतात न्यायचं असायचं. आमच्या घरात उबेची म्हणावी अशी ती एकच वस्तू होती. नंतर मी सासरी आले, भाऊ शिकायला नांदेडला गेला, आणि ते एकट्या अण्णांचं होऊन गेलं.

लातूरला आल्यावर अण्णांनी पहाटे पाचचं उठणं सोडलं नाही. उठले की कांबळं खांद्यावर घ्यायचं, काठी घ्यायची आणि फाटक उघडून बाहेर. पहिले काही दिवस मी अडवायची. "अण्णा, कुठं निघालात अंधाराचं?"

"वैरण टाकून येतो."

"इथं कुठं वैरण? आपण लातूरला आहोत."

"हाव, लातूरला हाय की. म्हून बैलांनी खायचं न्हाई का?"

मिस्टर म्हणाले, "जाऊ दे त्यांना. मी जातो बरोबर." तसं रोज सुरू झालं. कॉलनीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे, काटेरी झुडपं माजलेला. अण्णा तिथवर जायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि निमूट परत यायचे. मिस्टर चार पावलं मागून.

अडचण कांबळ्याची होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं गळ्याशी कांबळ्याची टोकं धरलेली, आणि मागचा पदर जमिनीवर लोळणारा. मी स्वेटर आणला, मफलर आणला. स्वेटर घातला की दहाव्या मिनिटाला काढून पलंगावर ठेवलेला असायचा. "हे माझं न्हाई," म्हणायचे. डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि एका पहाटे फाटकाच्या पायरीवर कांबळं त्यांच्या पायात आलं. मिस्टर कुलूप लावत होते, हात पुढं करेपर्यंत अण्णा खाली. कपाळाला तीन टाके पडले, मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, "या वेळी थोडक्यात निभावलं. या वयात खुबा मोडला तर माणूस पुन्हा उठत नाही."

घरी आल्यावर मिस्टर म्हणाले, "ते कांबळं लपवून ठेवू या." माझं मन होईना. त्याच आठवड्यात फोनवरच्या व्हिडिओत एक बाई ब्लँकेटचं जाकीट शिवताना दिसली. मला वाटलं, हेच करायचं. कांबळंही अंगावर राहील आणि हातही मोकळे राहतील. भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, एकदम चांगलं सुचलं तुला. करून टाक."

अण्णांना मात्र मी विचारलं नाही. विचारून त्यांना काय कळणार, असं मी धरून चालले.

आमच्या नेहमीच्या टेलरकडं कांबळं दाखवायला नेलं, अण्णा झोपले होते तेव्हा. त्यानं ते काउंटरवर पसरलं, चिमटीत धरून जाडी बघितली आणि परत घडी घातली. "ताई, मुंढ्यात, बाही जोडतो तिथं, चार पदर येणार याचे. सुई टिकत नसती. आणि जुनं हाय, कापलं की धागे सुटतील. कशाला नास करता?"

मग मीच शिवायचं ठरवलं. नोकरी लागायच्या आधी मी शिवणक्लास केला होता, पायाची मशीन घरात होती. एका दुपारी अण्णांना अंगणात उन्हात बसवून माप घेतलं. ते लहान मुलासारखे हात वर करत होते.

"कशाचं माप घेऊन राहिलीस?"

"जाकिटाचं."

"कुणाला?"

"तुम्हाला, अण्णा."

"मला कशाला? तुझ्या भावाला शिव. नांदेडला चाललाय शिकायला, लई थंडी हाय तिथं."

भावाचं शिक्षण होऊन तीस वर्षं झाली होती. मी "बरं" म्हणाले आणि छातीचं माप वहीत लिहिलं.

रविवारी जेवून ते झोपले तेव्हा मी कांबळं आतल्या खोलीत नेलं आणि फरशीवर पसरलं. त्यांचा जुना सदरा वर ठेवून खडूनं आखलं. पाठ अशी धरली की तांबडा पट्टा बरोबर खाली घेरावर येईल. धुतलं नव्हतं, त्यामुळं कात्री चालली तसा कडब्याचा आणि तंबाखूचा वास खोलीभर झाला. एका बाहीच्या जागी मधोमध रफू आलं. कधीतरी उंदरानं कुरतडलं होतं, ते आईनं लाल दोऱ्यानं भरलेलं. करडा दोरा घरात नसेल तेव्हा. ती जागा कमजोर होती, बाहीत आली असती तर कोपराशी फाटली असती. म्हणून मी बाही थोडी सरकवून आखली आणि रफूचा तुकडा बाजूला पडू दिला.

जाड सुई लावूनही दोन सुया मोडल्या. मुंढ्याचे पदर मशीनखाली जाईनात, तेवढी शिलाई हातानं घातली. कडा सुटू नयेत म्हणून आतून सुती पट्टी लावली. अण्णांना बारीक बटणं जमत नसत, म्हणून चांगली रुपयाएवढी मोठी बटणं लावली. मध्ये एकदा अण्णा उठले, इकडंतिकडं बघत होते, तेव्हा मिस्टरांनी त्यांना चहा देऊन ओट्यावर बसवलं. दिवेलागणीला जाकीट तयार झालं. खरं सांगते, मला माझ्या हाताचा अभिमान वाटला.

मी ते त्यांच्या अंगात घातलं. खांद्यावर असं बसलं की टेलरनंही मान डोलावली असती. अण्णांनी बाहीवरून तळवा फिरवला. "लोकर चांगली हाय," म्हणाले. मग पलंगाकडं बघितलं, उशी उचलून बघितली. "माझं कांबळं कुठाय?"

"अण्णा, हेच की. त्याचंच जाकीट केलंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. खोटं बोलणाऱ्या पोराकडं बघावं तसं.

जाकिटानं आपलं काम केलं, ते नाकारता येत नाही. अण्णा रोज पहाटे ते घालून जायचे, हात मोकळे, पायात काही येत नव्हतं, पुन्हा कधी पडले नाहीत. कॉलनीतल्या बायका थांबून विचारायच्या, कुठून घेतलं. पण अण्णा दिवसभर कांबळं शोधायचे. जाकीट अंगात असायचं आणि ते पलंगाखाली वाकून बघायचे. गच्चीवरच्या दोरीपाशी जाऊन यायचे. शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून विचारायचे, "आमचं एक कांबळं आलंय का हो इकडं?" मिस्टरांना एकदा हळूच म्हणाले, "हिनं कुणाला तरी देऊन टाकलं बगा. बोलून न्हाई राहिली."

असे पंधरा-वीस दिवस गेले. मला सहन होईना. उरलेले तुकडे मी पिशवीत ठेवले होते. वाटलं, एखादा मांडीवर घेऊन बसले तर तेवढंच समाधान. शाळेतून आल्यावर पिशवी काढली, हाताला आला तो सगळ्यात मोठा तुकडा त्यांच्या हातात दिला. तो रफूचा होता, हे देताना माझ्या लक्षात आलं नाही.

अण्णांनी तो उजेडाकडं धरला. लाल दोऱ्यावर बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"हे तुझ्या आईनं शिवलेलं हाय."

"हो, अण्णा."

"कुणी कापलं?"

एवढे दिवस ते कुणाशी बोलतात हे त्यांना धड कळत नव्हतं. त्या क्षणी कळत होतं. माझ्याकडं नीट बघत होते. मला खोटं बोलता आलं नाही. "मी कापलं."

ते रडले. आईला नेलं त्या दिवशीही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. तोंड उघडं, आवाज नाही, आणि डोळ्यांतून पाणी गळतंय. मग तुकडा माझ्याकडं करून म्हणाले, "तुला लागत होतं तर मागायचं व्हतं की, माय. म्या न्हाई म्हणलो असतो का?"

मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. जाकीट तुमच्यासाठीच होतं, तुम्ही पडू नये म्हणून होतं, हे सगळं तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. त्यांच्या हिशेबी लेकीला थंडी वाजत होती आणि तिनं बापाला न विचारता घेतलं, एवढंच झालं होतं. आणि त्यांनी ते माफही करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरले आणि पुन्हा कांबळं शोधू लागले. त्यानंतर मी प्रत्येक वेळी खरं सांगायची. "मी कापलं, अण्णा." कधी चिडायचे, कधी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. "मागायचं व्हतं" असं मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत, आणि मला "माय" म्हणूनही पुन्हा हाक मारली नाही. पुढं पुढं ते मला "ओ बाई" म्हणू लागले.

उन्हाळ्यात भाऊ त्यांना नांदेडला घेऊन गेला. माझ्या पाठीचं दुखणं वाढलं होतं, मिस्टरही थकले होते. दोन महिने म्हणून नेलं होतं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ताप आला, छातीत कफ झाला, आणि आम्ही पोहोचायच्या आत अण्णा गेले.

दिवसकार्य गावी झालं. सगळे पांगल्यावर भावानं त्यांच्या कपड्यांची पिशवी उघडली. जाकीट तळाशी होतं. त्यानं ते अंगात घालून बघितलं. त्याला बाह्या आखूड झाल्या, पुढं बटणं लागेनात. तसाच बसून त्यानं चहा घेतला, मग काढून घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मी विचारलं, "नांदेडला कांबळ्याचं विचारायचे का रे?"

"नाही," तो म्हणाला. "आल्यापासून एकदाही नाही. मी मुद्दाम सांगतोय तुला, मनाला लावून घेऊ नको."

मला बरं वाटावं म्हणूनच तो सांगत होता. मी मान हलवली. पण जे माणूस पलंगाखाली वाकून वाकून शोधत होतं, त्यानं शोधणंही सोडून दिलं होतं. आईच्या टाक्यांवर बोट ठेवून तिला ओळखणारे अण्णा माझ्या घरातून निघायच्या आधीच संपले होते का, हे मी भावाला विचारलं नाही. त्यालाही ते माहीत नसणार होतं.