चंद्री आपणहून आली

कृष्णातचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. गोठ्यात चंद्रीनं साखळी वाजवली की त्याचे डोळे उघडायचे. आधी गोठा, मग चूळ. शेण ओढायचं, वैरण टाकायची, रात्री भिजत घातलेली सरकी पेंड ढवळून पुढं ठेवायची. बायको मीनाक्षी धारेला बसली की हा म्हशीची चारही खुरं हातानं चाचपून बघायचा. खडा रुतलाय का, भेग पडलीय का. घाईत कधी केलं नाही. सात वाजता शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरायला उभं राहायचं असे. तिथंही त्याच्या साच्यात खोट निघत नसे.

कसबा बावड्यात दोन खोल्यांचं घर आणि मागं एका म्हशीचा गोठा. एका म्हशीवर घर चालत नाही. दुधाचे पैसे पेंडीतच जायचे. पण चंद्री दुधासाठी नव्हतीच, हौसेसाठी होती. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. भादरून काळीभोर केलेली, शिंगं रंगवलेली, कपाळावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांची माळ, अशी म्हैस मालकाच्या मोटारसायकलमागं धावते. गाड्यांच्या पुंगळ्या, म्हणजे सायलेन्सर, काढलेल्या असतात. त्या फटफटाटात, हलगीच्या कडकडाटात म्हशीनं आपल्या मालकाची गाडी ओळखायची आणि इकडंतिकडं न बघता तिच्यामागं यायचं. दावं न धरता जी येते, तिला लोक मानतात. कृष्णात लहानपणापासून रस्त्याच्या कडेला उभा राहून शिट्ट्या मारत आला होता. आपलीही एक म्हैस तशी यावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

म्हैस शिकवावी लागते. एक माणूस गाडीवर, आणि दुसरं दावं धरून म्हशीच्या डाव्या अंगाला पळणारं. पहिल्या वर्षी पुतण्या पळाला. तो पुण्याला नोकरीला गेला आणि कृष्णात अडला. तेव्हा आठवीतली मुलगी राजनंदिनी, घरातली नंदी, म्हणाली, "मी पळतो की, पप्पा."

"जमंल?"

"म्हशीला जमतंय तर मला न जमायला काय झालं?"

त्यानं तिला शिकवलं. काम असो की हौस, शिकवताना तो कसर ठेवत नसे. "दावं सैल धर. तिच्या म्होरं जाऊ नको. ठेच लागली, पडलीस, तर दावं सोड आणि गप बस. वरडलीस तर ती बुजंल. एकदा बुजली की परत गाडीमागं यायची न्हाय."

"आणि माझं काय?"

"तुला काय हुतंय. उठायचं आणि पळायचं."

मग धार झाली की रोज ती तिघं शिये रस्त्याला निघू लागली. पुढं कृष्णातची गाडी, मागं चंद्री, बाजूला नंदी. गाडीला उजव्या हाताचा एकच आरसा होता. कृष्णातनं तो असा वळवून घेतला होता की त्यात चंद्रीचं डोकं बरोबर मावायचं. कपाळावरचा पांढरा चांद मधोमध दिसला की म्हैस रेषेत आहे असं समजायचं. दावं धरून पळणारी पोरगी त्या आरशात येत नसे. यायचं कारणही नव्हतं.

दोन वर्षं असं चाललं. नंदी दहावीत गेली. एके दिवशी शाळेचे खेळाचे वरुटे सर घरी आले. नंदी आठशे मीटरला जिल्ह्यात पहिली आली होती. कृष्णातला शर्यत होती हे ठाऊक होतं. निकाल विचारायचा राहून गेला होता.

"हिला कोण शिकवतं म्हणून मी विचारलं," सर म्हणाले, "तर म्हणते, म्हस. सगळा वर्ग हसला. मी नाही हसलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर विभागाची निवड हाय. ही लागली तर म्होरं लई लांब जाईल. फक्त दोन गोष्टी करा. हिला चांगले बूट घ्या. आणि डांबरावर पळवू नका, ग्राउंडला पाठवा."

"घेऊया की, सर. एवढा पाडवा हू द्या. मग बघू."

सर चहा पिऊन गेले. मीनाक्षी कपबशा उचलताना म्हणाली, "म्हशीच्या पायाला पितळी घुंगरांचं चाळ आणलासा. त्यात बूट आलं असतं."

"चाळ पाडव्यालाच लागतंय. बूट कवाबी घेता येतंय."

"व्हय, पोरगी कुठं जातीया पळून," मीनाक्षी म्हणाली. नंदी दारात बसून शाळेचे कॅनव्हासचे बूट शिवत होती. ती हसली. तळ फाटला होता. दाभणानं टाके घालून तिनं तो वर्षभर चालवला होता.

पाडव्याच्या आदल्या पहाटे कृष्णातनं तिला हाक मारली. ती उठली, पण दारातच थांबली.

"पप्पा, आज नको. सर म्हणाल्यात, निवड हुईस्तवर डांबरावर पाय टाकू नको."

"आजच्या दिवस ये. पुंगळी काढलीया. त्या आवाजाची सवय नको तिला? उद्या गर्दीत बुजली तर वरीसभराचं कष्ट मातीत."

कष्ट कुणाचे, हे ती बोलली नाही. तिनं बूट चढवले आणि दावं हातात घेतलं.

अंधार होता. पुंगळी काढलेल्या गाडीचा आवाज रस्त्यावर आदळत होता. कृष्णातनं हळूहळू वेग वाढवला. नजर आरशात. मागच्या दिव्याच्या तांबड्या उजेडात चांद मधोमध होता. एकदा तो किंचित हलला, पुन्हा जागेवर आला. कृष्णातनं गाडी थोडी डावीकडं घेतली. चांद डावीकडं आला. उजवीकडं घेतली. उजवीकडं आला. एवढी मोकळी, एवढी सरळ ती कधीच आली नव्हती. त्यानं तसंच पुढं नेलं, पार वळणावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत.

तिथं सयाजी उभा होता. चार म्हशींचा मालक, कृष्णातचा बालमित्र, आणि दर पाडव्याला त्याची खोड काढणारा. त्याच्या हातातला कप तसाच राहिला.

"कृष्ण्या, लेका, दाव्याबिगर आली की रं तुझी म्हस."

कृष्णातनं मागं वळून बघितलं. दावं जमिनीवर लोळत होतं. चंद्री गाडीला नाक लावून उभी होती, धापा टाकत. त्यानं गाडी लावली आणि तिच्या गळ्यात हात टाकला. डोळ्यांत पाणी आलं. वडील असते तर त्यांना दाखवलं असतं, असं त्याच्या मनात आलं.

"आपणहून आली, सया."

"आली खरं. पण पोरगी कुठं हाय?"

कृष्णातनं रस्त्याकडं बघितलं. रस्ता मोकळा होता.

नंदी बरीच मागं रस्त्याच्या कडेला बसली होती. डांबराची कड तुटलेली होती. फाटका तळ तिथं अडकला, पाऊल रुतलं आणि अंग पुढं गेलं. गुडघा जागच्या जागी फिरला. दोन्ही हातांत गुडघा धरून ती बसली होती. ओठ दातांखाली. खालच्या ओठातून रक्त आलं होतं.

"हाक का मारली न्हाईस?"

"तुम्हीच सांगितलंय की, गप बसायचं."

तो खाली बसला. बुटाची नाडी सोडू लागला. तिनं विचारलं, "चंद्री गेली का तुमच्या मागं?"

"आली."

"बुजली न्हाई?"

"न्हाई."

"मग झालं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी पाडवा. ठरल्याप्रमाणे रंगवलेली शिंगं, तुरा, माळ, सगळं अंगावर घेऊन चंद्री गोठ्यात उभी होती. रस्त्यानं गाड्या फटफटत गेल्या की साखळी ताणायची. सयाजी बोलवायला आला, दारातून परत गेला. नंदी पाय उशीवर ठेवून आत पडली होती. तिनंच आतून हाक दिली, "पप्पा, जावा की घेऊन. आता येतीया ती एकटी."

कृष्णात उंबऱ्यावर बसून राहिला. मीनाक्षी त्याच्या बाजूनं जाताना थांबली.

"म्हशीची खुरं रोज बघत हुतासा," ती म्हणाली. "पोरीचा तळपाय एकदा तरी हातात घेतलासा?"

आरशात पोरगी दिसत नसे, असं त्याला सांगता आलं असतं. पण आरसा त्यानंच वळवला होता.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, गुडघ्याच्या आत एक दोरी असते, ती तुटली आहे. मांडीतली तशीच एक दोरी काढून तिथं ओवावी लागेल आणि स्क्रूनं हाडात बसवावी लागेल. निवडीचा दिवस तोवर होऊन गेला होता. वरुटे सर भेटायला आले होते. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. नंदीजवळ थोडा वेळ बसले आणि चहा न घेता गेले. तसे ते चहाला कधी नाही म्हणत नसत.

"पळंल न्हवं, डॉक्टर?" कृष्णातनं विचारलं.

"चालेल. जिने चढेल. पळायचं पुढं बघू."

बघू म्हणजे काय ते कृष्णातला कळलं. बुटांबद्दल तोही हेच म्हणाला होता.

मग घाबरलेला माणूस भलतंच विचारतो तसं त्यानं विचारलं, "स्क्रू कशाचा असतोय?"

डॉक्टरांनी खणातून नमुना काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "टायटॅनियम."

वीस वर्षं तो लोखंडाचा रस ओतत होता. हा धातू त्याच्या हाताखालून कधी गेला नव्हता. करंगळीच्या पेरापेक्षाही लहान, वजनाला काहीच नाही. त्यानं सवयीनं कडेवरून अंगठा फिरवला. कुठं खोट नव्हती.

चंद्रीच्या जोडीला एक रेडी घ्यायची म्हणून त्यानं दोन वर्षं भट्टीपुढं दुहेरी पाळी केली होती, सुट्टीचे रविवार विकले होते, त्यात दिवाळीचा बोनस घातला होता. ते सगळं त्या स्क्रूला गेलं.