बसायला निमित्त

सिगारेट मी चांद्याच्या दवाखान्याच्या पायरीवर सोडली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, माझ्या दोन्ही मुलींची वयं विचारली आणि एवढंच म्हणाले, "त्यांची लग्नं पाहायची आहेत ना?" बाहेर येऊन उरलेलं पाकीट मी एका बैलबंडीवाल्याला देऊन टाकलं. सोडणं इतकं सोपं होतं. कठीण होतं ते आलापल्लीला परतल्यावर, न ओढता राहणं.

सागवानाच्या डेपोत मी मोजणीचा कारकून होतो. हमालांचा मेट, म्हणजे मुकादम, माझ्याच वयाचा एक गोंड माणूस, ओंडक्याचा घेर आणि लांबी पुकारायचा, मी लिहायचो आणि हमाल ओंडका लोटून थप्पीला लावायचे. डेपोत विस्तव चालत नसे. म्हणून एक थप्पी झाली की सगळे कुंपणाबाहेर मोहाच्या झाडाखाली जाऊन बिडी ओढत. घड्याळ कोणाकडेच नव्हतं. बिडी संपली की सुटी संपली. ज्याच्याजवळ बिडी नाही त्याला सुटीही नाही, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण माझ्या खिशात सिगारेट असायची.

आता मला बाहेर जायला कारण उरलं नाही. धुराच्या वासाची भीती वाटे, म्हणून मी आतच उन्हात उभा राहून मागचे आकडे ताडून पाहत असे. मी फक्त स्वतःला सांभाळत होतो. पण मोहाखालून माणसांना दिसे तो त्यांच्याकडे तोंड करून उभा असलेला बाबू. माणसं अर्धी बिडी विझवून कानावर खोचत आणि परत येत. चैत्र संपत आला होता, लाकूड ओलं आणि जड. थोड्याच दिवसांत हात ढिले पडले आणि मला ऐकू येईल अशा बेतानं बोलणी सुरू झाली.

"बाबू काऊन उभे राह्यते जी तिथी?"

"आपली बिडी मोजून राह्यले."

"मंग घेर बी लिहा म्हणा तिचा!"

हशा झाला. मेट मात्र हसला नाही. तो कुंपणाशी आला आणि आपल्या जुडीतली एक बिडी काढून माझ्यापुढे धरली. "घ्या बाबू. एकच. तुमी बसले तं माणसं बसतीन."

मी ती घेतली. इतकं सबळ कारण मला आजवर कोणी दिलं नव्हतं. स्वतःच्या चैनीसाठी नाही, दमलेल्या माणसांच्या विसाव्यासाठी ओढायची होती. बोटांना ते कोरडं पान लागलं आणि तोंडाला पाणी सुटलं. मेटानं काडेपेटी काढायला कमरेला हात घातला.

"भाऊ," मी म्हणालो, "ही ओढली तर उद्या मी पाकीट आणीन. डॉक्टरांनी छाती तपासली आहे माझी. मुली लहान आहेत."

पुढे केलेला तंबाखू परत करणं त्याच्या लोकांत अपमानाचं समजत. तो रागावेल असंच मला वाटलं. त्यानं बिडी माझ्या हातातून काढून घेतली.

"मंग पयलेच सांगा लागत होतं ना! आमाले वाटलं, साहेबानं पहाऱ्यावर ठेवलं तुमाले." बिडी जुडीत परत खोचत तो म्हणाला, "बसाले काय बिडीच लागते?"

दुसऱ्या दिवशी तो पळसाच्या द्रोणात टेंभरं घेऊन आला. "बिडीचं पान नाई पायजे तं त्याच झाडाचं फळ खा." टेंभराला गर थोडा आणि बिया मोठ्या. बी चोखून थुंकायची, मग दुसरी. उभ्यानं जमत नाही ते. मी मोहाखाली टेकलो तसा मेटानं आवाज दिला, "बसा रे, बाबूची बिडी चालू हाय!"

तेव्हापासून सुटीची लांबी माझ्या खाण्यावर ठरू लागली. घाई केली की मागून कोणीतरी ओरडे, "हळू खा जी बाबू, पोट दुखन!"

एका दुपारी साहेब तपासणीला आले. आम्ही सगळे बाहेर बसलेलो.

"काम का बंद आहे?"

मेट उठून म्हणाला, "बाबू बिडी पिऊन राह्यले, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसून खिशातला सिगारेटचा डबा उघडला. "बिडी कशाला? ही घ्या." ताज्या तंबाखूचा तो वास मला आजही आठवतो. साहेबांनी दिलेली, चारचौघांत. नाही कसं म्हणणार? मी तोंडातली बी गालात सरकवली.

"आत्ताच झाली, साहेब."

डबा मिटला. साहेब लांब गेल्यावर माणसं हसून लोळली. मेट म्हणाला, "आता आपुन दोघं बी खोटारडे, बाबू."

पावसाआधी टेंभरं संपली. तोवर रिकाम्या हातानं बसायला मी शिकलो होतो आणि मी बसलो की माणसंही बसत. मी आकड्यांचा माणूस, पण सोडलेले दिवस कधी मोजले नाहीत. घरचे माझ्या निग्रहाचं कौतुक करतात. ते मी पुरतं स्वीकारत नाही.

मेटानं स्वतः बिडी सोडली नाही आणि मी त्याला कधी तसं म्हटलंही नाही. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. काडी ओढण्याआधी तो मोहाच्या पानांकडे पाहायचा, वारा कुठून आहे ते बघायचा आणि मग उठून माझ्या पलीकडच्या अंगाला, धूर माझ्यावर येणार नाही अशा जागी जाऊन बसायचा.