उमा घेऊन आंजीला

भावाचा, नितीनचा फोन आला, "ताई, पोरीचं बारसं आहे. येजो." मी लगेच तिकीट काढलं. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि मी एकुलती एक आत्या. पुण्यात राहून माहेरच्या कार्यांत मी पाहुणीच झालेय. हा एवढा मान उरला होता, आणि तो मी सोडणार नव्हते.

नाव मी ठरवलेलं होतं: उमा. अक्षरं दोन, पण त्याच्या मागे लागले तर जगभर हिंडून झालं. आपली उमा पार्वती. तपाला निघालेल्या लेकीला आई "उ मा", म्हणजे "अगं, नको" म्हणाली, त्यावरून हे नाव पडलं असं कीर्तनकार सांगतात. जाणकारांना ते फारसं पटत नाही. पोर्तुगीजात उमा म्हणजे 'एक', जपानीत घोडा, पेरूकडच्या केचुआ भाषेत डोकं आणि तिच्या शेजारच्या आयमारात पाणी. यांचं आपसात काही नातं नाही, नुसता योगायोग. गाडीत समोरच्या अकोल्याच्या काकूंना हे सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "घोड्याचं घरी नका सांगू बरं."

वर्ध्याला उतरलात की स्टेशनबाहेर झणझणीत रश्शाचे तर्री-पोहे खा आणि तर्री दुसऱ्यांदा मागायला लाजू नका. घरी न्यायला गोरसपाक बिस्किटं घ्या. मग आंजीची, म्हणजे माझ्या माहेरची, एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण खिडकी ज्याची त्याने मिळवायची. थंडीत गेलात तर दोन्हीकडे तूर, हरभरा, वेचणीला आलेला कापूस आणि मधेच जवसाचा एखादा निळा पट्टा दिसतो. संस्कृतात जवसालाही उमा म्हणतात. शब्दकोशात हे वाचलं तेव्हाच माझ्यापुरतं बाळाचं नाव पक्कं झालं होतं.

घरी पोचले तर ओसरीवर केक. त्यावर गुलाबी क्रीमने लिहिलेलं: कियांशी.

"तुझ्या वहिनीच्या माहेरून आला, कारंज्याहून," नितीन माझ्याकडे न बघता म्हणाला.

"मंग मले काऊन बोलावलं रे? टाळ्या वाजवाले?"

राग आला होता, आणि खरं सांगते, रडूही. नितीन चपला शोधायला लागला. पाळण्याजवळ बसलेल्या काशीआत्या, म्हणजे माझं नाव ठेवणाऱ्या माझ्या आत्या, तेवढ्या बोलल्या. "कानात सांगाच्या आधी पोरीले नाव नसते. हे त्या केकचं नाव आहे. कापा अन् खा."

सगळे हसले, पण वहिनी, शीतल, उठून स्वयंपाकघरात गेली. पोर तिची. मला तिच्यावर मान गाजवायचा नव्हता. मागोमाग जाऊन विचारलं, "तुले काय पाह्यजे, सांग."

"कियांशीचा अर्थ कोणालेच सांगता येऊन नाई राह्यला, ताई. मोबाईलवर दरवेळी नवाच निघते. पोरीनं उद्या विचारलं तर मी काय सांगू?" मग तिनेच विचारलं, "तुमचं कोणतं?"

मी पार्वती सांगितली, पाणी सांगितलं, जवस सांगितलं. घोडा गाळला.

"जवस? म्हणजे चटणीवालं?"

"तेच."

ती हसली, पण हो म्हणाली नाही.

संध्याकाळी पाळण्यावर वाकून मी बाळाच्या कानात नाव सांगितलं: उमा. रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यांत जोरात शीतलने घातला. केक छान होता, दोन तुकडे खाल्ले.

परत पुण्यात येऊन डबे धुतले, कामाला लागले. पोरीच्या जन्मदाखल्यावर काय लिहिलं, हे विचारायचा धीर होत नव्हता. आठवड्याने मीच फोन लावला. शीतलने उचलला, आवाज अगदी हळू.

"ताई, मंग करते. उमी आत्ताच झोपली."

उमी! आमच्याकडे नाव घरचं झाल्याशिवाय कोणी ते असं मोडून लाडाने घेत नाही. दाखल्याचं मी विचारलंच नाही.