पाणवठ्यावरची पांढरी घोडी

वरातीतली घोडी जवळून गेली की तिच्या घामाच्या वासानं मला शहराजवळच्या हर्सूल तलावामागच्या टेकडीवरचा पाणवठा आठवतो. मी तेव्हा नवी वनरक्षक होते. दुष्काळात तलाव आटला होता आणि हरणं-मोरांसाठी आठवड्यातून एकदा टँकर सिमेंटच्या टाकीत पाणी सोडायचा. त्याच पाण्यावर चार-पाच मोकाट घोडे यायला लागले. शहरात रिक्षा वाढल्या, टांगे बंद झाले, तेव्हा मालकांनी सोडून दिलेले. "ते वन्यप्राणी नाहीत, हाकलून लावा," साहेब म्हणाले. मी काठी घेऊन गेले, तर एक म्हातारे टांगेवाले चाचा पांढऱ्या घोडीला हाका मारत होते. ती कान मागं पाडून लांब सरकत होती. "तुमची आहे ना चाचा? मग घेऊन जा की," मी म्हणाले. "थी, बेटी. चारा मिळंना, मीच सोडली. आता वळखत पण नाय," ते म्हणाले. "पीने दे उसको." तिला पाळीव म्हणावं तर ती मालकाला जवळ येऊ देईना, रानटी म्हणावं तर अंगावर टांग्याला जुंपल्याचे वळ होते. शेवटी काठी खाली ठेवून मी सगळ्या घोड्यांना पोटभर पिऊ दिलं. त्या आठवड्यात टँकर उशिरा आला, आणि कोरड्या टाकीशी एक लांडोर मरून पडलेली मला सापडली. ती उन्हानं मेली असं मी साहेबांना सांगितलं. आता मी निवृत्त झाले आहे. त्या दुपारी घोडे हाकलायला हवे होते का, याचं उत्तर मी कधी हो देते, कधी नाही.