न पेटलेलं पाचट

सांगलीत हिवाळ्यात कपडे वाळत घालायचे तर आधी आभाळाकडे बघावं लागतं. पावसासाठी नाही, काजळीसाठी. ऊसतोडणी सुरू झाली की आसपासच्या रानांत पाचट पेटवतात, म्हणजे ऊस तोडून नेल्यावर मागे उरलेला वाळका पाला. त्याची काळी कुसळं वाऱ्यावर येऊन गच्चीवर उतरतात. झटकली तर जातात, चोळली तर कापडात बसतात. पांढरे कपडे आत, गडद बाहेर, अशी माझी व्यवस्था वर्षानुवर्षं ठरलेली होती. ही कुसळं दुसऱ्यांच्या रानांतून येतात असं मी धरून चालले होते. कोरेगावजवळ आमचंही उसाचं रान आहे आणि तिथेही दरवर्षी काडी लागते, ही गोष्ट गच्चीवर उभं राहून कधी मनात आली नाही.

ती आली विद्यापीठामुळे. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. बढतीसाठी पदव्युत्तर पदवी हवी होती आणि रविवारी तासिका असलेला एकच अभ्यासक्रम जवळपास मिळत होता, तो पर्यावरणाचा. विषयाचं प्रेम वगैरे काही नव्हतं, वेळापत्रक जमत होतं. पहिल्या सहामाहीत मी अगदी माझ्या पद्धतीने कामाला लागले. घरात काय काय बदलायचं त्याची यादी फ्रिजवर लावली: कापडी पिशव्या, ओला कचरा गच्चीवरच्या पिंपात, भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना. एकेक झालं की खूण. घरातले हसायचे. मुलगी म्हणायची, आईने पृथ्वीसुद्धा टापटीप करायला घेतली आहे.

मग प्रयोगशाळेत मातीची तासिका झाली. प्रत्येकाने ओळखीच्या रानातली माती आणायची होती. मी आमच्या उसातली एक पिशवी आणली आणि बांधावरच्या आंब्याखालची दुसरी. माझ्या मुलीच्या वयाच्या बाई शिकवायला होत्या. त्यांनी दोन्ही नमुने तपासायला लावले. मातीला जिवंत ठेवतो तो सेंद्रिय कर्ब आंब्याखाली चांगला निघाला. उसातल्या मातीचा निकाल तक्त्याच्या सगळ्यात खालच्या ओळीत बसला. "इथे दरवर्षी जाळता का?" बाईंनी विचारलं. मी हो म्हणाले. त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. त्यांना त्यात नवीन काही नव्हतं.

घरी येऊन फ्रिजवरची यादी पाहिली. वर्षभर वाचवलेल्या सगळ्या पिशव्या एकीकडे आणि एका दुपारी जळणारं आमचं पाचट दुसरीकडे, हा हिशेब मांडायला कागदही लागला नाही. प्रबंधाचा विषय त्याच संध्याकाळी ठरला: पाचट न जाळता खोडव्यात कुजवणं. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक.

रान धाकटे दीर बघतात. आमचा वाटा त्यांच्याच हातात आहे, आणि आजवर त्यांना शेतातलं काही सुचवायला मी गेले नव्हते. ओसरीवर बसून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. बुडखे छाटायचे, पाचट ओढून सऱ्यांत घालायचं, कुजवणारं जिवाणूंचं औषध शिंपडायचं, मग पाणी द्यायचं.

"वैनी, तुमी शिकलासा," ते म्हणाले, "पण ऊस शिकल्याला न्हाई."

जाऊ आतून म्हणाली, मग उसाला पण रविवारच्या वर्गाला घाला. यावर दीरही हसले आणि विहिरीजवळचा एक एकराचा तुकडा द्यायला तयार झाले. अट मात्र स्वच्छ होती. हे एकदाच. फुटवा नीट आला नाही, किंवा काही कारणाने जमलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून काडी लागणार आणि मी पुन्हा विषय काढायचा नाही. मी कबूल केलं. माझा प्रबंध गेला असता तर दुसरा लिहिता आला असता. हे रान मात्र दुसऱ्यांदा मिळणार नव्हतं.

तोवर माझ्या तासिका संपून प्रबंधच उरला होता. तोडणीची टोळी उठल्यावरच्या रविवारी आम्ही तिघांनी आणि चार बायकांनी मिळून पाचट सऱ्यांत ओढलं. पाचटाच्या पात्याने हाताला बारीक चिरा पडतात, अंग खाजतं. संध्याकाळी मी पुढचं वेळापत्रक जावेच्या दाराआड चिकटवलं: येत्या रविवारी मी औषध घेऊन येणार, ते शिंपडल्यावर पाणी. आणि सांगलीला परतले.

गुरुवारी सकाळी कार्यालयात जावेचा फोन आला. ती फोनवर कधीच घाई करत नाही. त्या दिवशी तिने कशी आहेस हेही विचारलं नाही.

"बाई, आबांनी आपलं पाचट पेटवलंय. ह्ये साताऱ्याला डोळं दावाय गेल्यात, फोन लागंना. धूर दिसतुया नुसता."

आबा म्हणजे आमचे चुलत सासरे. त्यांचं रान आमच्या बांधाला लागून आहे. त्यांनी वाईटपणाने केलं असेल असं माझ्या मनातही आलं नाही, आणि तेच जास्त अवघड होतं. आमच्याकडे शेजाऱ्याचं अडलेलं काम पाहिलं की विचारत बसत नाहीत. कुणाच्या कडब्याची गंजी लावायची राहिली, कुणाची म्हैस सोडवायची राहिली, तर जाता जाता उरकून टाकतात. आबा स्वतःचं पाचट पेटवत होते. शेजारी पुतण्याचं तसंच पडलेलं दिसलं. पोराला सवड झाली नसेल, म्हणून त्यांनी पुढे होऊन काडी लावली.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गाडीत बसले. खिडकीतून दर दोन-चार मैलांवर धूर दिसत होता. कऱ्हाडच्या अलीकडे, मसूरला, रहिमतपूरच्या पुढे. कुठला कोणाचा ते काय कळणार. एरवी प्रवासात मी पुढच्या कामांची यादी करते. त्या दिवशी पेन काढलं आणि एवढंच सुचलं की आबांना काय बोलायचं नाही ते आधी ठरवावं. रागावायचं नाही. प्रबंधाचं नाव काढायचं नाही. त्यांनी चांगल्या मनाने केलं आहे हे पहिल्याच वाक्यात म्हणायचं. दिरांना काय सांगायचं ते मात्र ठरेना. त्यांची अट मीच मान्य केली होती.

कोरेगावला उतरून रिक्षाने रानात पोचले तेव्हा आबांचं सगळं रान काळं झालं होतं आणि ते स्वतः आमच्या बांधावर काड्यापेटी हातात धरून बसले होते. आमच्या कडेच्या तीन-चार सऱ्या जळाल्या होत्या. त्यापुढचं पाचट जसंच्या तसं होतं. मी पायातलं काढलं आणि सरीत उतरले. पाय घोट्यापर्यंत गार, ओल्या पाचटात रुतला. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे तिथे अजून थेंबही पडायला नको होता.

"आबा, आवं, हे ओलं कसं?"

"मलाच इचारतीस व्हय?" आबा चिडलेच होते. "आर्धी पेटी संपली. हितवर आलं आन् इझलं. पेटाय पायजे का नको? कुनी पाचटाला पानी पाजतं का?"

मी सरीतून वर आले. बांधावर त्यांच्या शेजारी बसले आणि हसायला लागले. आबांना वाटलं, सांगलीहून येताना ऊन लागलं. त्यांनी माझ्या मागून आलेल्या जावेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं.

दुपार कलल्यावर आम्ही घरी ओसरीवर बसलो होतो तेव्हा दीर आले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना नीट दिसत नव्हतं. काय झालं ते जावेने सांगितलं. मी विचारलं, पाणी कधी सोडलं? ते इकडेतिकडे बघत म्हणाले की लाईट आली होती, विहिरीला पाणी होतं, मोटार लावली. दोन दिवस थोडं थोडं दिलं, विहिरीकडून सुरुवात करून. बांधाकडच्या सऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. शेतीच्या औषधांच्या दुकानात विचारलं होतं त्यांनी. दुकानदार म्हणाला, कोरड्या पाल्यावर ते औषध काम करत नाही, आधी भिजू द्या.

"मग मला का नाही सांगितलंत, भाऊजी?"

"तुमी कागद लावला हुता दाराला," ते म्हणाले. "त्यात खाडाखोड कशाला करायची?"

जाऊ पदर तोंडाला लावून आत गेली. आबा चहा पीत होते. काय चाललंय ते त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. ऐकून ते म्हणाले, आम्ही इतकी वर्षं जाळलं म्हणून काय ऊस आला नाही का. आला की, मी म्हणाले. त्यांच्याशी वाद घालायची त्या दिवशी मला अजिबात इच्छा नव्हती.

खोडवा फुटला. जळालेल्या सऱ्यांतले कोंब आधी वर आले आणि तो एक आठवडा मला नीट जेवण गेलं नाही. दीर रोज फोटो पाठवायचे, खाली एक शब्द नाही. मग पाचटातले कोंबही वर आले, जाड आणि हिरवेगार. त्या फोटोखाली त्यांनी लिहिलं, "लय भारी." तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं की तुलनेसाठी जाळलेला पट्टा ठेवण्याची कल्पना चांगली आहे, कशी सुचली? मी म्हणाले, घरातल्या वडीलधाऱ्यांनी मदत केली.

यंदा आमच्या सगळ्या रानात पाचट ठेवलं आहे. आबा अजून जाळतात. पण या हंगामात त्यांनी काडी लावायच्या आदल्या दिवशी दिरांना निरोप धाडला: उद्या मी पेटवणार, तुमची कड भिजवून घ्या. दिरांनी तो मला फोनवर वाचून दाखवला आणि मोटार लावायला गेले. मी गच्चीवर गेले. तारेवर पांढरे कपडे होते. पडलीच काजळी तर झटकता येते.