खाच पडलेले दात

मावशी हसताना तोंडावर हात धरायची. भाचीला वाटायचं, लाजते. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं होतं, एका खोलीत, शिलाई मशीनच्या खडखडाटात अभ्यासाला बसवून. ती मानववंशशास्त्र शिकू लागली तेव्हा मावशीने एवढंच विचारलं, "यात पोट भरतं का गं?"

शेवटच्या वर्षी रस्ता रुंद करताना एक जुनी दफनभूमी उघडी पडली आणि तिथले सांगाडे अभ्यासासाठी विभागात आले. एका बाईच्या कवटीवरची माती ब्रशने झाडताना भाचीला वरच्या दातांच्या कडेला बारीक खाच दिसली. कवटी भिंगाखाली धरली आणि खाच ओळखीची निघाली. दोरा दाताने तोडून तोडून पडलेली अशीच खाच ती रोज जेवताना मावशीच्या दातांत बघत आली होती.

सर म्हणाले, "एका कवटीवरून काही ठरत नाही. शिवणकाम करणाऱ्या बायकांना भेट, त्यांचे दात बघ. मग बोलू."

ती शिवणाची दुकानं पालथी घालत फिरली. बायका आधी हसल्या, मग बोलत्या झाल्या, दातांचे ठसेही देऊ लागल्या. मावशी मात्र बधेना.

"उभा जन्म हे दात झाकण्यात गेला," मशीन न थांबवता ती म्हणाली. "आता तू ते कपाटात मांडून ठेवणार?"

भाचीच्या मनाला ते लागलं. इतकी वर्षं एका ताटात जेवून, मावशी लाजत नाही, दात झाकते, हे आपल्याला कळलं कसं नाही? तिने पुन्हा विषय काढला नाही.

अभ्यासाची मुदत संपत आली. सांगाडे नव्या जागेत पुरायचे होते. जेवताना ती सहज बोलून गेली, की हाडं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची आहेत. मावशीचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर हात टेकत मावशी विभागाचा जिना चढून आली. टेबलावर मांडलेल्या त्या बाईच्या हाडांवर ती वाकली.

"वय काय असेल हिचं?"

"चाळिशीच्या आतबाहेर."

"माझ्याहून धाकटी की." मावशीने पिशवीतून टेप काढला. "तुझी आई गेली तेव्हा मला काही म्हणजे काही सुचलं नव्हतं. हिचं माप घेऊ दे."

तिने मांडीच्या हाडाची लांबी घेतली, कवटीचा घेर घेतला. मग खुर्चीत बसली. "ठसा घ्यायचा तर आत्ता घे. मन फिरायच्या आत."

ठसा घेतला. खाचा मात्र तंतोतंत जुळल्या नाहीत. मावशीची खाच एका दाताने पलीकडे होती, जास्त रुंद होती.

"मग फुकट गेलं म्हणायचं," मावशी म्हणाली.

"नाही गं. जुळत नाही, हेही लिहायचं असतं."

भाचीने तसंच लिहिलं: काम दोऱ्याचं असावं, खात्री नाही.

पुरायच्या दिवशी ती बाई जाड सुती कापडाच्या, दुहेरी शिवणीच्या पिशवीत होती. मजुराने पिशवी हळूच खाली सोडली आणि फावडं उचललं. मावशीने त्याला जरा थांबायला सांगितलं. खाली वाकून पिशवीची दुमडलेली कड तिने सरळ केली, आणि बाजूला झाली.